बियाण्याची कणगी
अंगणात शेणमाती कालवली की तिच्या वासानं मला एक कोरडं साल आठवतं. शेतातलं धान करपलं होतं आणि घरचा तांदूळ संपला होता. सासूबाई बियाण्याच्या धानाची लिंपून ठेवलेली कणगी विळ्यानं फोडत होत्या. तेवढ्यात मी तांदळाचं गाठोडं घेऊन दारात आले. सरकारची मदत माझ्या खात्यात जमा झाली होती. "काऊन वं, कोनाले पुसून आनलं?" त्यांनी विचारलं. "पैसे माह्या नावाचे होते, बाई. बियाणं खाऊ नका." मी त्यांना पहिल्यांदाच 'नका' म्हटलं होतं. "मोठी मालकीन झाली!" म्हणत त्यांनी विळा ठेवला आणि फुटलेली जागा लिंपायला बसल्या. तेच बियाणं आम्ही अजून जपतो. धानाची रोवणी कधी धरायची, हे आता सासूबाई मला विचारतात.