पदराची गाठ
नाटकाच्या ट्रंकेतली जुनी नऊवारी उन्हात टाकली की सफेद्याचा आणि खोबरेलाचा वास सुटतो, आणि मला जव्हारचा तो दसरा आठवतो. तेव्हा मी नाटक कंपनीत स्त्रीपार्टी नट होतो, नायिकेची कामं करत असे. राजवाड्याच्या बागेतल्या माळ्याची मुलगी रोज दुपारी माझ्या अंबाड्यासाठी अबोलीचा गजरा घेऊन यायची. माझ्याशी बोलताना लाजली की ती पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि लगेच सोडायची. खेळ संपले की तुझ्या बापाकडे मागणी घालीन, असा मी तिला शब्द दिला होता. दरबारच्या खेळात, प्रियकरापुढे लाजायच्या जागी, मी मुद्दाम तशीच गाठ मारली आणि सोडली. गजरा देताना तिला रोज पाहणारा राजवाड्याचा कुणी गडी मागून ओरडला, "आरं, ही तर माळ्याची पोर!" दुसरा म्हणाला, "याला ती गाठ कुनी शिकवली रं?" आणि सारा मांडव हसला. बायकांमधून ती उठून गेली. सकाळी मी बागेत गेलो, तर तिने मान वर केली नाही. "ती गाठ मी फकस्त तुमच्यापुढं मारत व्हते," ती म्हणाली, "तुम्ही समद्यांना दावलीत." तिचा बाप चार पावलांवर झाडांना आळी खणत होता. त्याच्याकडे तेव्हाच मागणी घातली असती तर तिची अब्रू सावरली असती; मी तसाच परतलो. आता केस पिकले, तरी पुढचं सांगताना जीभ अडखळते. नाशिकच्या मुक्कामी मी तीच गाठ पुन्हा मारली, आणि त्या गाठीवर वन्समोअर घेतला.