नव्याण्णव कोण म्हणालं?

असल्या चमत्कारिक अनुभवांच्या सदराला मी आजवर मनसोक्त हसत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात नारळ ओवाळून टाकणं, अंगारा लावणं सगळं चालतं — बायकोपुढं माझं काही चालत नाही — पण माझा स्वतःचा विश्वास नाही. उभी हयात हॉस्पिटलात गेली. माणसं मरताना पाहिली, आणि त्यांच्या खाटा त्याच दिवशी दुसऱ्यांना दिल्या. कुणी परत येऊन खाट मागितली नाही. तेव्हा घडलं तेवढंच लिहितो. पटलं तर घ्या… नाही पटलं तरी माझी तक्रार नाही.

गोष्ट कोल्हापुरातली, महाराजांच्या कारकिर्दीतली. पेठापेठांतल्या तालमी तेव्हा सकाळ-संध्याकाळ घुमत असत. मी दरबारच्या एका दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली असिस्टंट होतो. क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. साहेबांचे कान आणि आमची बोटं, एवढ्यावरच निदान व्हायचं.

रोगांच्या विलायती यादीप्रमाणं आमच्याकडं प्रत्येक दुखण्याला नंबर होता. तपासणी झाली की खाटेच्या उशाशी टांगलेल्या पाटीवर तो खडूनं लिहायचा, म्हणजे पुढं सरकारी रिपोर्टाला सोपं जायचं. नुसती बरगडी मोडली — चव्वेचाळीस. बरगडी मोडून छातीत हवा भरली — पंचेचाळीस. रक्त साठलं — सेहेचाळीस. आणि पाठीचा वरचा मणका मोडला — सत्तेचाळीस.

हे आकडे आमच्यासाठी होते, पण गावानं ते कधीच पाठ करून टाकले होते. दारात टांगा थांबला की पहिला प्रश्न तोच — "पावणं, कितवा नंबर पडला?" चव्वेचाळीसचा माणूस छातीला पट्टा आवळून लवकरच घरी जायचा. सत्तेचाळीसवाला मात्र फळीवर उताणा, महिनोन्महिने. तो आकडा पाटीवर दिसला की बाया तिथंच खाली बसायच्या.

हा नंबर नीट पडणं आमच्या गावात फार जरुरीचं होतं, आणि त्याला कारण तालमी. कुस्तीत कुणाची पाठ धरली की त्याला आखाड्याच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत पालथा घालायचे, वस्ताद पाठीवर गुडघा द्यायचे आणि दोन्ही खांदे मागं ओढायचे. कट्ट आवाज झाला की गडी उठून जोर मारायला लागायचा. धरलेल्या पाठीला हा इलाज लागूही पडायचा, उगाच कशाला नावं ठेवू! पण मणकाच मोडलेला असेल तर त्या गुडघ्यानं श्वास थांबायचा. हातकणंगल्याकडच्या एका विहीर खणणाऱ्याला त्याच्याच भावांनी असं 'सरळ' करून आणलं होतं. दवाखान्याच्या पायरीवरच तो गेला.

आता दाजींकडं येतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मारुती. पेठेतले नावाजलेले पैलवान. जोतिबाची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. सरावाच्या कुस्तीत जोडीदारानं उचलून आपटलं, ते खांद्यावर आणि मानेच्या खाली पडले, आणि वर तो गडी छातीवर कोसळला. दुपारी त्यांना आमच्याकडं आणलं तेव्हा अंगाची माती तशीच ओली होती. अक्का टांग्यामागून अनवाणी पळत आलेली. मला बघितल्यावर तिनं माझा कोटच धरला.

"सदा, काय बी कर, पन ह्यास्नी वाचीव."

साहेबांनी तपासलं. डाव्या बाजूच्या बरगड्या बोटाखाली कुरकुरत होत्या. मग त्यांनी पायाला चिमटे काढले.

"कळतंय का?"

"कळतंय की," दाजी म्हणाले.

"आणि इथं?"

"कळतंय."

साहेबांनी मान हलवली. "बरगड्या. सदाशिव, आत हवा आहे का बघ, आणि नंबर टाक."

वस्ताद आणि तालमीची माणसं व्हरांड्यात घोंगडं घेऊन तयारच होती. चव्वेचाळीस पडला की दाजींना उचलून न्यायचं आणि हौद्यात पालथं घालायचं, हे ठरलेलंच होतं. मी त्यांना हटकलं, तर वस्ताद म्हणाले, "तुझा नंबर तू टाक बाबा. पाठीचं आमी बघतो."

आत हवा आहे की नाही हे बघायची रीत साधी आहे. रोग्याला कुशीवर करायचं, तळहात पाठीवर सपाट ठेवायचा आणि त्याला 'नव्याण्णव' म्हणायला सांगायचं. आवाजानं छाती थरथरते. जिथं हवा भरलेली असेल तिथं थरथर लागत नाही. मी धरून दाजींना कुशीवर केलं. त्यांचं तोंड खिडकीकडं, मी पाठीमागं. साहेब खिडकीखालच्या शेजारच्या खाटेवर कुणाचा तरी हात बांधत होते.

"दाजी, नव्याण्णव म्हणा."

आवाज आला. चांगला खणखणीत — नव्याण्णव. आणि माझ्या हाताला… कसं सांगू? डावी बाजू गप्प, उजवी बाजूही गप्प. निरोगी फुप्फुसावरसुद्धा काही नाही. थरथर एकाच जागी होती, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, मणक्यावर, जेमतेम रुपयाएवढ्या जागेत.

मला वाटलं, माझीच चूक. "पुन्हा म्हणा."

पुन्हा आला, आणखी मोठ्यानं. एवढा, की साहेब तिकडून खेकसले, "हळू रे! बरगड्या मोडल्यात, ओरडतोस काय?"

मी त्या जागेवर बोट दाबलं. दोन मणक्यांमधे पायरी पडावी तशी खाच लागली. दाजी गुरासारखे हंबरले. मग मी त्यांच्या डोळ्यांवर पंचा टाकला आणि पायाला चिमटा काढला, चांगला नख रुतवून. "कळतंय?" उत्तर नाही. दुसऱ्या पायाला काढला. उत्तर नाही. मघाशी ते साहेबांच्या हाताकडं बघून 'कळतंय' म्हणत होते.

साहेबांना बोलावलं. त्यांनी खाच चाचपली आणि त्यांचा चेहरा पडला. मी खडू उचलून सत्तेचाळीस लिहिलं. व्हरांड्यात अक्कानं हंबरडा फोडला, आणि वस्ताद घोंगडं खांद्यावर टाकून निघून गेले.

दाजी मात्र मला ऐकवू नये ते ऐकवत होते. "पुस ती पाटी! सदा, पुस म्हणतो न्हवं! मला घरला जाऊ दे!" मला वाटलं, दुखण्यानं बोलतायत.

दाजी जगले. पाय परत आले नाहीत ते नाहीतच. पुढं बरीच वर्षं ते घराच्या ओट्यावर तक्क्याला टेकून बसलेले असत. समोरून पोरं लंगोट खांद्यावर टाकून तालमीला जायची, तेवढा वेळ ते भिंतीकडं बघायचे. अक्का त्यांचं सगळं करायची. सगळं म्हणजे सगळं. ती लवकर म्हातारी झाली.

एकदा दिवाळीत मी फराळाला गेलो होतो. बोलता बोलता मी तीच गोष्ट काढली — त्या दिवशी दाजी एवढ्या मोठ्यानं नव्याण्णव म्हणाले म्हणून खाच सापडली, नाहीतर तालमीतच सगळं संपलं असतं. खरं सांगायचं तर थोडी फुशारकीच होती.

दाजी चकली खायचे थांबले.

"मी न्हाई म्हनलो."

"असं कसं? दोनदा म्हणालात की!"

"एकदाबी न्हाई. तोंडच उघडलं न्हवतं मी."

मी हसण्यावारी नेलं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी साहेबांना गाठायला रंकाळ्यावर गेलो. तेव्हा ते पेन्शनीत होते आणि रोज फिरायला तिथंच यायचे. सगळं सांगितलं. ते चालता चालता थांबले, काठी टेकून पाण्याकडं बघत राहिले.

"तू त्याच्या पाठीमागं होतास," ते म्हणाले. "शेजारच्या खाटेवरून मी आवाज चालू असतानाच वळलो, तेव्हा त्याचा चेहरा माझ्याकडं होता. दात आवळलेले होते. ओठ मिटलेले."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? आवाज आला होता, तू ऐकलास, मी ऐकला. मणका मोडलेला निघाला. तिथं विषय संपवला." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यानंतर मी कुठल्याच रोग्याला नव्याण्णव म्हणायला सांगितलं नाही. एक-दोन-तीन म्हणायला लावायचो. तुझ्या ध्यानात आलं नाही?"

नव्हतं आलं.

तिथून तसाच दाजींकडं गेलो. अक्का ओट्यावरच मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "दाजी, तुमचं खरं आहे. साहेबांनीही पाहिलंय. पण एक सांगा — मी दोनदा म्हणायला सांगितलं, तरी तुम्ही गप्प का बसलात?"

त्यांनी हातांनी रेटून पाठ तक्क्याला सरळ टेकवली.

"पाय गेल्याचं मला हौद्यातच कळलंतं, सदा. नंबर साधा पडला असता तर तालमीत नेलं असतं. वस्तादांचा गुडघा बसला असता… लागू पडला तर पडला. न्हाईतर सुटलो असतो. म्हनून चिमट्यालाबी 'कळतंय' म्हनलो, आनि तू म्हना म्हनल्यावर दात आवळून पडलो. आवाजानं कळतंय तुमाला, एवढं ठावं हुतं मला."

अक्काचा हात मेथीवर तसाच राहिला. तिनं ना त्यांच्याकडं बघितलं, ना माझ्याकडं. सूप उचललं आणि आत निघून गेली. नवरा वाचला ही एवढी वर्षं तिला देवाची कृपा वाटत होती; त्याला सुटायचं होतं, हे तिनं असं ऐकलं. मला तिच्यामागं जायला हवं होतं, पण मी गेलो नाही.

"तो आवाज मीबी ऐकला," दाजी म्हणाले. "माज्याच छातीत हुता, पन माजा न्हवता. दाबायला गेलो तर दुसऱ्या वक्ताला आनिक मोट्यानं आला. तू शिकलेला मानूस, तूच सांग, कोन हुतं ते?"

"दाजी, मला नाही माहीत."

"कोन का असंना," ते म्हणाले, "बोलायच्या आदी मला एक डाव इचारायला नको हुतं व्हय?"

दाजी जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला. डॉक्टरसाहेबही नाहीत. छातीबद्दल, मणक्याबद्दल जेवढं कळण्यासारखं होतं तेवढं मी नंतर वाचून काढलं. मोडक्या मणक्यातून आवाज येत नाही, आणि मिटल्या तोंडातून शब्द फुटत नाही. माझ्याकडं खुलासा नाही. पण खुलासा नसल्याचं मला तेवढं वाटत नाही. त्या दिवशी ओट्यावर दाजींनी जे विचारलं, त्याला 'व्हय' म्हणावं तर त्यांना त्याच दिवशी मरू द्यायला हवं होतं असं ठरत होतं, आणि 'न्हाई' म्हणावं तर ओट्यावरची ती सगळी वर्षं त्यांच्यावर लादली ते बरोबर होतं असं… आणि आत चुलीपाशी अक्का ऐकत बसलेली होती, ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.