काळं बोट

आज दुपारी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालं. कट्टा सकाळी मीच पुसला होता, कारण शोभाताई उशिरा येणार होत्या.

बोट फिरवून बघायची माझी जुनी खोड. आमच्याकडे केरफरशी करणाऱ्या शोभाताईंना मी ते बोट दाखवायचे. "सकाळी पुसलंत ना? मग हे काय?" त्या पुन्हा फडकं ओलं करायच्या.

मग टाळेबंदी आली. शोभाताई त्यांच्या घरी, खालचा रस्ता रिकामा, माझी स्कूटर जिन्याखाली. कट्टा मी एकदाच पुसला आणि आठवडाभर तो स्वच्छ राहिला. "मनापासून पुसलं की असं होतं," असं मी बहिणीला फोनवर ऐटीत सांगितलंसुद्धा. झाडंही हिरवीगार दिसत होती. ती काही मी पुसली नव्हती, पण तेव्हा हे सुचलंच नाही.

आता रस्ता पुन्हा गाड्यांनी भरून वाहतो आहे. इतकी वर्षं आमचा सगळ्यांचा धूर मी एका बाईच्या फडक्यावर ढकलत आले.

तेवढ्यात शोभाताई आल्या. माझं बोट बघून घाईने म्हणाल्या, "काल राहिलं वाटतं ताई, थांबा, पुसते."

माझ्या दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली होती.