युद्धपटातली चंद्री

मंडळी, आज माझी भर सभेत जिरली, आणि दुपारपासून मीच हसतोय.

तळेगावच्या आमच्या फिल्म क्लबमध्ये सकाळी एका युद्धपटाची सुरुवात उलगडून सांगत होतो. धुक्यातला माळ, जागचा न हलणारा कॅमेरा, संगीत अजिबात नाही. एक म्हैस संथपणे पडदा ओलांडते आणि मग लांबून रणगाड्यांची घरघर ऐकू येते.

"म्हैस म्हणजे इथली शांतता. दिग्दर्शकाने तिचं पाऊल न् पाऊल ठरवलंय," मी ठासून म्हणालो.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या शेजारच्या आंबी गावच्या शांतामावशींना मीच आग्रहाने बोलावलं होतं. त्या ताडकन उठल्या. "अवं सर, ही आमची चंद्री! आमच्या माळावर शूटिंग चाललं व्हतं, त्याच्या मधीच घुसली. लय हाकललं, पर घाई म्हनून केली न्हाई. मंग ते डायरेक्टरच म्हनले, ऱ्हाऊ द्या."

सगळा हॉल खो खो हसला.

हसू ओसरल्यावर मावशींनी विचारलं, "चंद्री परत कधी येती?"

"नाही येत. आता लढाई सुरू होते."

"मंग हितंच थांबवा की."

मी रिमोट खाली ठेवून दिला. तुम्ही असतात, तर पुढचं लावलं असतंत?