भोक पाडलेली परात

माझ्या धाकट्या भावाने आईला आणि मला, दोघींनाही एका पितळी परातीवरून फसवलं. मला म्हणाला, आई परात द्यायला तयार नाही. आईला म्हणाला, अक्का परात घेऊन गेली. खरं तर ती त्याने आधीच पेठ गावच्या एका हॉटेलवाल्याला देऊन टाकली होती. आई गेली तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. तिला तर ते कधीच कळलं नाही.

परात आईची स्वतःची, तिच्या माहेरून आलेली. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिच्या वडिलांचं नाव घातलेलं. लोणीच्या आमच्या घरात त्या परातीला बसायला वेळ नव्हता. सकाळी तिच्यात खुरपणीच्या बायकांच्या भाकरीचं पीठ मळायचं. उन्हाळ्यात पाणी भरून तिच्यात दुधाचं पातेलं ठेवायचं. कोंबडी अंडी उबवायला रवणावर बसली की टोपलीवर परात पालथी. उसाच्या बांधाला गवत आणायला निघताना आई ती डोक्यावर पालथी घालायची आणि वाटेत उलथण्याने बडवायची. "बिबट्याला सांगायचं, आमी आलोय, तू सरक," असं म्हणायची. त्या परातीत तिने माझ्या भावाला न्हाऊ घातलं, त्याचे पाय काठाबाहेर येईपर्यंत. पाणी मी ओतायचे.

माझ्या लग्नात नवऱ्याचे पाय त्याच परातीत धुतले. तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिच्या लेकीच्या लग्नाला हीच काढायची. मग ही परात हिची."

मला वारूळवाडीत दिलं आणि नवरा लवकर गेला. तेव्हापासून मी मेथी-कोथिंबिरीचे उभे प्लॉट शेतकऱ्यांकडून विकत घेते, काढते, जुड्या बांधून मार्केटला नेते. पहिल्या वर्षी लोक मला हसले. आता मी बांधावर पाय ठेवला की शेतकरी म्हणतो, "आली बया." मला भाव सांगून कुणी फसवत नाही. माणूस खोटं बोलायला लागला की तो माझ्याऐवजी पिकाकडे बघतो, हे मला पंचवीस वर्षांत कळलंय. भाऊ मात्र खोटं बोलला फोनवर. तिथे त्याची नजर दिसत नव्हती.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी भावाला फोन करून परात मागितली. तो म्हणाला, "अक्का, आई नाय म्हनतीय. जुनी वस्तू हाय, घरातनं हलवू नको म्हनती. तू लई ताणू नको."

मी ताणलं नाही. माझा संतापच तसा आहे, एकदा तुटलं की मी पुन्हा जोडायला जात नाही. मनात म्हटलं, शेवटी लेकाचीच झाली ना, राहू दे. आईला मी एक शब्द विचारला नाही. अवघ्या बाजाराला तोंडावर विचारणारी मी, आईला विचारायला मात्र मला कमीपणा वाटला.

भावाने मामाचा आहेर म्हणून चकचकीत स्टीलची परात आणली. जावयाचे पाय तिच्यातच धुतले. आई शेजारी पाटावर बसली होती. वाकून हळूच म्हणाली, "पितळंची न्हाई काढलीस?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी म्हटलं, "तुझी परात तुलाच लखलाभ."

तिने पदराने स्टीलच्या परातीचा काठ उगीच पुसला. त्यानंतर ती जगली तेवढ्या दिवसांत मी लोणीला गेले, पण उभ्या उभ्या.

गेल्या महिन्यात मंचरला माल टाकून पुढे कामाला निघाले होते. पेठ गावाजवळ रस्त्याकडेच्या हॉटेलात टेम्पो थांबवला. हाताला मेथीची माती होती म्हणून बेसिनवर गेले. बेसिन पितळेचं. साबणाचा फेस वाहून गेला आणि काठावर ठिपके दिसले. मी बोटाने चाचपले. माझ्या आजोबांचं नाव. नावाखाली, आई पीठ मळायची त्या जागी, मधोमध भोक पाडून जाळी बसवली होती. जाळीत कुणाच्या तरी चुळीतला भात अडकला होता.

मालक आला. तरणा, बोलका माणूस. मला आवडलं असं समजून त्याने सगळं दाखवलं. चाळणीचा दिवा केलेला, उलथणी वाकवून खुंट्या केलेल्या, तव्यावर काटे बसवून घड्याळ. म्हणाला, "मावशी, जुन्या वस्तूला नवं आयुष्य द्यायचं, काय?"

"हिचं जुनं संपलं व्हतं, असं तुमाला कुणी सांगितलं?"

तो गोंधळला. "लोणीच्या पावण्यांनी स्वतः आणून दिली की. घरात कोण वापरत नाय म्हणाले. मी त्यांना स्टीलच्या दोन पराती दिल्या बदल्यात. तीन दिवाळ्या झाल्या."

लेकीच्या लग्नाला दोन उन्हाळे झालेत. मी हिशेब केला आणि बाकड्यावर बसले. आहेराची परात कुठून आली, तेही कळलं.

माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुमची असेल तर काढून देतो, दुसरी बसवीन." आयुष्यात पहिल्यांदा समोरचा फुकट देत होता आणि मला घेता येत नव्हतं. डाग देऊन भोक बुजवूनही देतील. पण नेऊन दाखवू कुणाला?

तिथून टेम्पो लोणीकडे वळवला. भाऊ मळ्यात गेला होता, म्हणजे मला बघून गेला होता. भावजय दारात उभी. मी ओरडले तेवढं ऐकून घेतलं तिने. मग खाली बघून म्हणाली, "वन्सं, आत्याबाई रोज इचारायच्या परात कुठंय. ह्यांनी सांगितलं, अक्कानी नेली. लग्नात दिसली न्हाई, तवा आत्याबाई घरी येऊन ह्यांच्यासमोर म्हणाल्या, मोडीत घातली असंल. येपारातली बाई, तिला नड असंल. कुणी बोलू नका तिला."

कुणी बोलू नका तिला. म्हणजे आईने मला माफ केलं होतं, मी न केलेल्या गोष्टीसाठी. आणि मी तिला माफ केलं नव्हतं, तिने न केलेल्या गोष्टीसाठी. माझ्या सगळ्या व्यवहारांत असा व्यवहार मी दुसरा बघितला नाही. हा मोडताही येत नाही. समोरची बाजू राखेत गेली.

भाऊ फोन उचलत नाही. पुतण्याकडून निरोप आला, "एका भांड्यासाठी अक्का घर फोडतेय." मी काही मागत नाही रे तुझ्याकडून. आईच्या वर्षश्राद्धाला भावकी जमेल, तेव्हा पान वाढायच्या आधी उभा राहा. ज्या परातीत मी तुझ्या अंगावर पाणी ओतलं, तिचं काय केलंस ते सांग. आणि लग्नातून परत आल्यावर आई माझ्याबद्दल ते बोलली, तेव्हा तू तिथेच बसला होतास. तोंड का उघडलं नाहीस, याचं उत्तर दे.