ब्रूनोला कामावर परत घ्या!

तुम्ही कधी तत्त्वासाठी एखाद्या कुत्र्याची नोकरी घालवली आहे का?

मी घालवली आहे. कुत्रा निर्दोष होता. वेळेवर यायचा, गळ्यात ओळखपत्र घालायचा, आणि त्याच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नव्हती. पहिली तक्रार मी केली. लेखी. दोनशे प्रतींत!

यात माझा दोष कमी आणि संस्कारांचा जास्त आहे. बाबांनी तरुणपणी गिरण्यांच्या गेटवर पत्रकं वाटली आणि उरलेल्या पत्रकांवर मला वाढवलं. आमच्या लालबागच्या खोलीत डब्यांखाली, गादीखाली, कपाटाच्या प्रत्येक फळीवर पत्रकंच. इतर मुलं 'अ अननसाचा' शिकत होती तेव्हा मी 'ज जाहीर निषेधाचा' गिरवत होते. त्यात नाव ठेवलं क्रांती. अशा मुलीने मोठेपणी शांतपणे बँकेत बसून पासबुकं छापावीत, अशी अपेक्षा कोणी केलीच कशी? (मी बँकेतच आहे. पण शांतपणे नाही.)

मला खरं वाढवलं ते सुमनआत्याने. बाबांची थोरली बहीण, त्यांची आक्का. गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, संपात गेटवर उभी राहिली, लग्न केलं नाही, आणि माझ्या वेण्या घालताना कधी हात हलका ठेवला नाही. सत्तरी ओलांडल्यावर तिला असा आजार झाला की डॉक्टरांनी औषधाच्या जागी 'आराम' लिहिलं. तिने स्वतःच ठरवलं, "मी परळच्या त्या शुश्रूषागृहात राहते. इथे संडास कॉमन, तोही टोकाला. माझे शेवटचे दिवस लाइनीत उभी राहण्यात जायला नकोत."

तिथे गेली आणि आमच्याशी बोलायचीच बंद झाली. मी दर रविवारी जायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. "आत्या, दुखतंय का?" उत्तर नाही. "आत्या, भूक आहे का?" नाही. मी बाहेर येऊन जिन्यात रडायचे, डोळे पुसून आत जायचे, पुन्हा बाहेर यायचे. महिनाभर असं चाललं. ती आम्हाला न सांगता, न बोलता निघून जाणार, या भीतीने मला झोप लागेना.

अशा मनःस्थितीत एका बुधवारी मी रजा टाकून गेले आणि व्हरांड्यातला फळा वाचला. 'दर गुरुवारी दुपारी चार : श्वानभेट.'

"मावशी, हे काय आहे?" मी वॉर्डातल्या आयाला विचारलं.

"कुत्रा येतो ना ताई. पेशंटला बरं वाटतं."

"आणि तुम्ही किती जणी आहात?"

"दिवसाला मी एकटी."

"पेशंट किती?"

"चौदा."

झालं! माझ्या डोक्यात छापखाना सुरू झाला. चौदा माणसांना एक मावशी, आणि वर कुत्रा? फळं वाटणं झालं, ब्लँकेटं वाटणं झालं, आता कुत्रं फिरवणं? कुत्रा बघायला गुरुवारपर्यंत थांबावं, हे मला सुचलंच नाही. पत्रक लिहिणारा माणूस आधी बघायला लागला, तर पत्रकं निघतील कधी?

घरी जाऊन एका बैठकीत लिहिलं. मथळा : 'माणसांना मावश्या नाहीत, कुत्र्यांना मात्र प्रवेश!' बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "उद्गारचिन्हं बावीस आहेत. आक्काला विचारलंस का?"

"बाबा, पीडितांना विचारायचं नसतं, जागं करायचं असतं!"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला तेव्हा वाटलं, त्यांना गहिवरून आलंय.

त्याच संध्याकाळी मी दोनशे प्रती काढून आणल्या, कणकेची खळ केली, त्यात मोरचूद घातलं (भिंतीवरचं पत्रक मुंग्या-झुरळांनी खाऊ नये म्हणून. हे ज्ञान मला अकराव्या वर्षापासून आहे) आणि लालबाग ते परळ भिंती रंगवल्या. शेवटची सहा पत्रकं शुश्रूषागृहाच्या फाटकावर लावली. कोणाला वाटेल, कोण वाचतं? शुक्रवारी विश्वस्तांनी वाचलं. शनिवारी त्यांची सभा झाली. सोमवारी फळ्यावर आलं, 'श्वानभेट पुढील सूचनेपर्यंत बंद.'

मावश्या किती वाढल्या? एकही नाही. पण मागणीतला अर्धा भाग मान्य झाला होता! आमच्या घराण्याच्या इतिहासात एवढं यश कोणालाच मिळालं नव्हतं. मी गुरुवारी रजा टाकली, अर्धा किलो पेढे घेतले आणि चारच्या ठोक्याला वॉर्डात शिरले.

आणि थबकले. चौदाच्या चौदा जण व्हरांड्यात! काही व्हीलचेअरवर, काही वॉकर धरून, दोघांच्या खाटाच बाहेर ओढलेल्या. भांग पाडलेले, पावडर लावलेली. मधोमध माझी आत्या. इस्त्रीची साडी, केसांत मोगरा, आणि तोंड भिंतीकडे नाही, दाराकडे!

"आत्या!" मी धावलेच.

तिने माझ्या मागे पाहिलं. मग खाली, माझ्या पायांशी पाहिलं. महिनाभरानंतर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली :

"ब्रूनो कुठाय?"

"कोण ब्रूनो?"

"तपकिरी. कान लांब. गिरगावातनं येतो टॅक्सीने, शर्वरीताईंबरोबर. गेल्या गुरुवारीपण आला होता. फळ्यावर 'बंद' लिहिलंय, पण आम्ही कोणी खरं मानलं नाही. चार वाजले की."

मी पेढ्यांचा पुडा उघडला. (माणसाने काही क्षणी पुडा उघडू नये.) "आत्या, तो येणार नाही! मी बंद पाडला! पत्रक काढलं, दोनशे प्रती! घ्या सगळ्यांनी, तोंड गोड करा!"

एकही हात पुढे आला नाही.

कणकवलीकडचे गावकरकाका, एकेकाळचे गिरणीतले फिटर, व्हीलचेअर फिरवत माझ्यासमोर आले. "गो बाये, त्या कुत्र्यान तुजा काय घोडा मारल्यान?"

"काका, प्रश्न कुत्र्याचा नाही, व्यवस्थेचा आहे!"

"माका येवस्था नको. माका कुत्रो होयो!"

दादरच्या निवृत्त शिक्षिका कुलकर्णी मॅडम यांनी उशीखालून माझं पत्रक काढलं. लाल पेनने खुणा केलेल्या होत्या. "हे तुम्ही लिहिलंत? यात 'निषेध' सात वेळा आहे. रुग्णांचं म्हणणं एकदाही नाही. दहापैकी तीन देते, आणि ते मावशीच्या मुद्द्याला."

"पण मॅडम, आत्या आमच्याशी बोलत नाही! महिनाभर! आणि इथे कुत्रे..."

"बोलते की. दर गुरुवारी बोलते. त्याच्याशी." मॅडमचा आवाज खाली आला. "कुठे दुखतं, रात्री कशाची भीती वाटते, सगळं सांगते. तो डोकं मांडीवर ठेवून ऐकतो."

मी आत्याकडे वळले. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की तू जिन्यात जाऊन रडतेस," आत्या म्हणाली. "मला इथे ऐकू येतं. तुझं रडणं सांभाळू की माझं दुखणं? तो रडत नाही गं. नुसता बसतो."

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आली. चौदा कप, प्रत्येक बशीत दोन ग्लुकोज बिस्किटं. आत्याने कपाकडे पाहिलं, मग बाकीच्या तेरा तोंडांकडे पाहिलं, आणि गिरणीच्या गेटवरचा तिचा तो आवाज (जो मी फक्त बाबांच्या नकलेत ऐकला होता) व्हरांड्यात घुमला :

"चहा बंद!"

चौदा बशा खाली ठेवल्या गेल्या. एकदम! बहुतेक जण गिरणीतलेच, पन्नास वर्षांची सवय होती, तालीम लागली नाही.

मेट्रन धावत आल्या. "अहो सुमनताई, पाचला गोळ्या आहेत!"

"गोळ्या घेऊ. औषधपाणी संपातून वगळलंय. चहा नाही."

"पण संप कोणाविरुद्ध?"

चौदा बोटं माझ्याकडे वळली. माझ्याकडे! मी, जिने बारशाला घुगऱ्यांऐवजी घोषणा ऐकल्या, ती मी मालक झाले होते! स्टुलावर बसले तर भोवती व्हीलचेअरी. उठून दाराकडे गेले तर गावकरकाकांनी खुर्ची दारात आडवी लावली. "ब्रेक लावलंय. आता हलाचंय नाय."

मी बाबांना फोन लावला. दहा मिनिटांत आले. मी म्हटलं, सुटले! बाबा माझ्या शेजारून गेले, आत्याच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसले, खिशातून पेन काढलं आणि माझ्याच पत्रकाची कोरी बाजू गुडघ्यावर ठेवली.

"हां आक्का. मागण्या सांग."

"पयली, ब्रूनोला सन्मानाने कामावर परत घ्या. दुसरी, मावशी दोन करा. पोरीचं ते म्हणणं खरं आहे. तिसरी, ब्रूनो येईपर्यंत पर्यायी व्यवस्था."

"पर्यायी व्यवस्था मी करते!" मी ओरडले. "आत्ता! कुत्रा म्हणजे काही व्यक्ती नाही, कुत्रा ही एक भूमिका आहे!"

काकांनी ब्रेक काढला. मी जिना उतरून फाटकाबाहेर धावले. चहाच्या टपरीपाशी काल्या झोपला होता. आमच्या ओळखीचा, स्वभावाने गरीब, श्रमिक वर्गातला. एक पाव दाखवला. काल्या आला. वॉचमन तेव्हा माझी पत्रकं फाटकावरून खरवडत होता. (मोरचुदाची खळ! निघतेय कसली!) त्याची पाठ होती. आम्ही वर पोहोचलो.

काल्याने व्हरांड्यात पाऊल टाकलं, चौदा आजाऱ्यांकडे पाहिलं, आणि कोणाच्याही मांडीवर डोकं ठेवलं नाही. त्याला फरशीवर ओळीने मांडलेल्या बशा दिसल्या. संपावर गेलेली अठ्ठावीस बिस्किटं! पहिल्या बशीपासून तो सुरू झाला तो शिस्तीत, एकही न सोडता.

"संपफोड्या!" गावकरकाका किंचाळले. "धरा त्येका!"

मी धरायला गेले. काल्या खाटेखाली, मी खाटेखाली. काल्या बाहेर, मी आतच, कारण माझी ओढणी खाटेच्या दांड्यात अडकली. बाहेर कप फुटल्याचा आवाज. मेट्रनची किंकाळी. आणि मग काल्याने जाता जाता मेट्रनच्या टेबलाचा डावा पाय कायमचा आपल्या नावावर केल्याचा आवाज.

त्यानंतर एक आवाज आला जो मी ओळखलाच नाही. कोणीतरी खोकतंय असं वाटलं. मी खाटेखालून डोकं बाहेर काढलं. आत्या हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "येडी," ती म्हणत होती, "येडी गं माझी! अगं, पत्रकात तरी बरी होतीस!"

मी खाटेखाली पडल्या पडल्या रडले. या वेळी जिन्यात गेले नाही. तिने हात खाली सोडला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "रड," म्हणाली, "पण इथेच. आणि ऐक. पाठीत दुखतं, डाव्या बाजूला. रात्री जास्त."

मी ऐकलं. बसून, काहीही न बोलता. आयुष्यात पहिल्यांदा.

अर्थात मेट्रनने वॉर्ड तीनदा फिनेलने धुवून घेतला, मला लेखी तंबी दिली आणि विश्वस्तांची पुन्हा सभा झाली. संपाचा धसका घेऊन त्यांनी दुसरी मावशी नेमली. माझ्या दोनशे पत्रकांनी जे झालं नाही ते चौदा कप चहाने झालं. कुत्र्यांसाठी मात्र नवे नियम आले : सगळ्या लसी, डॉक्टरांचा दाखला, आणि परीक्षा म्हणून एक शांत तास.

मी गिरगावात शर्वरीताईंच्या दारात उभी राहून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, मावशीचं मीही सांगून थकले होते. ये, आत ये." ब्रूनो आला, माझा पाय हुंगला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. एवढी शरम मला मेट्रनसमोरही वाटली नव्हती.

ब्रूनो कामावर परतला आहे, सन्मानाने, गळ्यात हार घालून. पण तो दहा वर्षांचा आहे, कंबर धरते, जिना झेपत नाही. डॉक्टरांनी त्याला एकाआड एक गुरुवार दिला आहे. आणि आत्याकडे फार गुरुवार उरलेले नाहीत. हे तिनेच मला सांगितलं, ब्रूनोच्या आधी.

म्हणून ही विनंती, आणि हिला पत्रक समजू नका. लालबाग, परळ, दादर, गिरगाव, कुठेही राहत असाल आणि तुमच्या घरी शांत, लसी झालेला, माणसांना न कंटाळणारा कुत्रा असेल, तर जवळच्या शुश्रूषागृहात किंवा वृद्धाश्रमात जाऊन विचारा. आठवड्यातला एक तास द्या. जात कुठलीही चालेल, बिस्किटांवर ताबा हवा.

आणि परळला जमत असेल तर जरा लवकर या. मधल्या गुरुवारची पर्यायी व्यवस्था म्हणून सध्या मी जाते. चौदा जणांपुढे एकेक करून स्टुलावर बसते, ते डोक्यावरून हात फिरवतात, मी गप्प राहते. कुलकर्णी मॅडमनी दहापैकी चार दिले आहेत. गेल्या वेळी गावकरकाका नुसतं "बस" म्हणाले आणि मी बसले. कृपा करून कुत्रा पाठवा!