डेलियाखालची कळलावी

कुरवंड्याचा शिदू लोणावळ्यात एका मुंबईकर बाईंच्या बंगल्यावर माळी होता. चौसष्ट-पासष्ट सालची गोष्ट. बाईंचा हट्ट एकच, कधीही आलं तरी बागेत रंग दिसला पाहिजे. शिदूनं तो कंदांच्या जोरावर पुरवला होता. उन्हाळ्यात लाल चेंडूसारखी मे-फुलं, पाऊस उघडल्यावर निशिगंध, थंडीत डेलिया. अडचण पावसाळ्याची. तिथल्या धारांत बाहेरून आणलेला कंद कुजून जायचा. म्हणून त्यानं डोंगरावरची कळलावी आणून कुंपणाशी लावली. श्रावणात तिची लाल-पिवळी फुलं ज्वाळांसारखी उभी राहिली, तेव्हा बाई छत्री धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

फूल देखणं, पण कंद जहर. शिवाय कळलावी घरात आली की माणसामाणसांत भांडणं लागतात, असं शिदूची आई सावित्राबाई मानायची.

बंगल्यावर घुशी कंद खायच्या, म्हणून शिदू ते घरी आणून चुलीवरच्या माळ्यावर राखेत ठेवी. धुरानं ते कोरडे राहत. त्या वर्षी कुंपण नव्यानं घालायचं होतं, तेव्हा कळलावीचे पाच कंदही काढावे लागले. आईची बोलणी नकोत म्हणून त्यानं ते टोपलीच्या तळाशी दडवले आणि वर डेलियाचे पसरले. डेलियाचे कंद दिसायला थेट रताळी.

शिवरात्रीला दुपारी तो घरी आला, तर टोपली खाली, राख सांडलेली आणि पातेल्यात नुसत्या साली. बायको चिंगी माहेरी गेलेली. आईला मोतीबिंदूनं धड दिसत नव्हतं. लेकानं उपवासाला रताळी आणली, असंच तिला वाटलं असणार. शिदूनं साली चुरगळून पाहिल्या. उकडल्यावर कुठली कशाची, काही कळेना.

तसाच तो महादेवाच्या देवळाकडं पळाला. आई बायकांत बसून टाळ्या वाजवत होती.

"आये, उलटी-बिलटी झाली का? पोटात जळजळतंय का?"

"देवाच्या दारात काय इचारतोय मुडदा!" शेजारची शालूबाई म्हणाली. बायका हसल्या.

"रताळी खाल्लीस?"

"व्हय, खाल्ली. कुटनं आणलीस रं असली? पाणचट नुसती. गोडी म्हणून न्हाई."

"ती रताळी नव्हती, आये. बाईंच्या फुलाचं कंद हुतं. आन् तळाला कळलावी हुती."

हसणं थांबलं. सावित्राबाई आवाजाच्या दिशेनं वळली.

"म्हंजी ती तूच आणलीस? नांगरागत वाकडी, हाताला लागली तवाच वळखली मी. मला वाटलं, कुणी वायटावर टपलेल्यानं घरात टाकली. दिली मागल्या दारी भिरकावून."

"समदी?"

"हाताला लागली तेवढी."

शिदू तिला घेऊन घरी आला. मागल्या दारी शोधलं, तर चारच कंद सापडले. दवाखान्यात चल म्हणून त्यानं हातापाया पडून पाहिलं.

"उपास मोडून औषद घेऊ व्हय? हातावर इश्वास न्हाई का माझ्या?"

मग तो दिवेलागणीपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला. ती खोकली तरी हा पुढं सरके.

"असा काय बघतोस? मी नवरी हाय का?" ती करवादली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन भाकरी खाऊन उपवास सोडला, तेव्हा कुठं शिदू घोटभर पाणी प्याला. पण पाचवा कंद गेला कुठं? राखेत? कांद्यांत? उद्या परत तिच्या हाताला लागला तर? त्यानं माळा उलथापालथा केला, राख चाळली. चुलीवर काही चढलं की झाकण काढून आत बघितल्याशिवाय त्याला राहवेना. चिंगी माहेराहून परतली आणि चार दिवसांत वैतागली. "माझ्या हातचं खायला भ्या वाटतंय व्हय?" म्हणून दोघांचं चांगलंच वाजलं.

"बघा," सावित्राबाई म्हणाली, "लागली का न्हाई भांडणं?"

आषाढात मागल्या दारच्या करवंदीच्या जाळीतून एक वेल वर आला. पानांच्या टोकांना कळलावीचे वळलेले आकडे होते. शिदू भर पावसात तिथंच खाली बसला.

"काय गावलं रं?" आईनं आतून विचारलं.

"पाचवा, आये."

ती चाचपत दाराशी आली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे तितंच. दाराकडं मातर वळवू नगंस."

त्या संध्याकाळी चिंगीनं ताट वाढलं. शिदूनं पातेल्याचं झाकण काढलं नाही.